फुटलेल्या वस्तूचा हिशेब: आधी संवेग, मग ऊर्जा

अकरावीच्या मुलांना स्फोटाचं गणित घातलं की पहिली ओळ ठरलेली असते: आधीची गतिज ऊर्जा = नंतरची गतिज ऊर्जा. का लिहिलीस म्हणून विचारलं की उत्तर तयार, "सर, ऊर्जा अक्षय्य असते की!" असते, त्यात वाद नाही. पण जमिनीवर गप पडलेला फटाका घ्या. त्याची आधीची गतिज ऊर्जा शून्य. वरची ओळ खरी मानली तर फुटल्यावरही तुकड्यांची गतिज ऊर्जा शून्यच, म्हणजे एकाही तुकड्यानं जागचं हलायचं नाही. फटाक्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

गोंधळ असा होतो की दोन्ही नियम 'अक्षय्यतेचे' म्हणून शिकवले जातात आणि मुलं दोघांना एकाच तराजूत घालतात. संवेगाचा, म्हणजे मोमेंटमचा (वस्तुमान × वेग), हिशेब स्फोटाच्या आत काय घडलं हे न विचारता जुळतो. ऊर्जेच्या हिशेबात मात्र दारूत, स्प्रिंगमध्ये किंवा अणुकेंद्रात आधी लपलेली रक्कम वेगळी मांडावी लागते. म्हणून क्रम असा: संवेग आधी, ऊर्जा नंतर, आणि ऊर्जेच्या ओळीत एक जादा पद. गणित कितीही वाकडं असलं तरी हा क्रम सोडू नका.

सोलापुरात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला विज्ञान शाखेत गेलेली बरीच मुलं याच प्रकरणाशी अडखळतात. गणित अवघड नसतं, पुस्तकाची भाषा एकाएकी बदललेली असते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. पुढे सगळीकडे गुरुत्वत्वरण १० मी/से² धरलं आहे, म्हणजे कॅल्क्युलेटर लागणार नाही.

काय मोजायचं आणि कुठल्या क्षणी

कागदावर वस्तूभोवती एक वर्तुळ काढा. वर्तुळाच्या आत जे आहे ती आपली व्यवस्था. फुटताना तुकडे एकमेकांना ढकलतात ती बलं वर्तुळाच्या आतली. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं ती जोडीजोडीनं येतात, समान आणि विरुद्ध, त्यामुळे एकूण संवेगात त्यांचा वाटा शून्य. संवेग बदलायचा तर बल वर्तुळाच्या बाहेरून यायला हवं.

इथे हुशार मुलं हटकून विचारतात: "गुरुत्वाकर्षण बाहेरूनच येतंय ना, मग?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यातच द्यायला हवं. २ किलोचा गोळा हवेत १० मी/से वेगानं आडवा चालला आहे, त्याचा संवेग २० किग्रॅ·मी/से. त्याचं वजन २० न्यूटन. स्फोट एका मिलिसेकंदात उरकला असं धरा. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण संवेगात भर घालणार २० × ०.००१ = ०.०२ किग्रॅ·मी/से. मूळ संवेगाचा हा हजारावा भाग. तो सोडून दिला तरी चालतं, पण का चालतं ते कळायला हवं: गुरुत्वाकर्षण नाहीसं होत नाही, त्याला वेळ मिळत नाही.

म्हणून 'आधी' म्हणजे फुटण्याच्या अगदी अलीकडचा क्षण आणि 'नंतर' म्हणजे अगदी पलीकडचा. गोळा जमिनीवरून सुटला तेव्हाचा वेग किंवा तुकडा जमिनीवर आपटला तेव्हाचा वेग या ओळीत घालायचा नाही. त्या दोन टोकांसाठी प्रक्षेपणाची नेहमीची समीकरणं वेगळी वापरायची. गणितं चुकतात ती बहुतेक इथेच. सूत्र पाठ असतं, क्षण चुकीचा निवडलेला असतो.

वर्तुळ चुकीचं काढलं तर काय होतं ते बघायला खडीच्या खाणीकडे चला. सोलापूरच्या आसपासची जमीन दख्खनच्या बेसाल्टची, त्यामुळे खाणींना तोटा नाही. सुरुंग उडाला की दगड मोकळ्या बाजूला उडतात आणि उलट बाजूला काहीच उडालेलं दिसत नाही. संवेग अक्षय्य राहिला नाही? राहिला, पण सुट्या दगडांपुरता नव्हे. मागची दरड जमिनीला जोडलेली आहे, उलट बाजूचा संवेग जमिनीनं घेतला, आणि पृथ्वीचं वस्तुमान एवढं अफाट की तिचा वेग कुणाला दिसणार नाही. नुसत्या उडालेल्या दगडांभोवती वर्तुळ काढून 'एकूण संवेग = ०' लिहिणं चूक. नळकांड्यातून आकाशात सुटणाऱ्या शोभेच्या गोळ्याचंही तसंच: नळकांडं जमिनीत रोवलेलं असतं आणि धक्का जमीन घेते. तोच गोळा वर हवेत फुटला की मात्र वर्तुळ बिनधास्त काढा.

सोपी सुरुवात: स्थिर वस्तू, दोन तुकडे

प्रयोगशाळेतल्या दोन ट्रॉल्या घेऊ, अर्धा किलोची आणि दीड किलोची. मध्ये दाबलेली स्प्रिंग, दोन्ही दोऱ्यानं बांधलेल्या. स्प्रिंगमध्ये ३ ज्यूल ऊर्जा साठलेली. दोरा कापला की दोघी दोन दिशांना. वेग किती?

संवेगाची ओळ: आधी शून्य, म्हणून नंतरही शून्य. दोन्ही ट्रॉल्यांचा संवेग आकारानं सारखा, दिशा उलट. लहानीचा वेग 'व' धरला तर

०.५ × व = १.५ × (मोठीचा वेग), म्हणून मोठीचा वेग = व ÷ ३

ऊर्जेची ओळ आत्ता, आधी नाही:

३ = ½ × ०.५ × व² + ½ × १.५ × (व ÷ ३)²
३ = ०.२५ व² + ०.०८३ व² = व² ÷ ३

म्हणून व² = ९, लहानी ३ मी/से, मोठी १ मी/से. ऊर्जेची वाटणी बघा: लहानीला २.२५ ज्यूल, मोठीला ०.७५. वस्तुमान एकास तीन, ऊर्जा तीनास एक.

हे नुसतं या आकड्यांपुरतं नाही. गतिज ऊर्जा संवेगाच्या भाषेत लिहिली तर ती संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान इतकी येते. संवेग दोघांचा सारखा, मग ज्याचं वस्तुमान कमी त्याची ऊर्जा त्याच प्रमाणात जास्त. ४ किलोच्या बंदुकीतून १० ग्रॅमची गोळी सुटली तर गोळीची ऊर्जा बंदुकीच्या ४०० पट. संवेग दोघांना सारखाच मिळाला, तरी खांद्याला नुसता धक्का बसतो आणि गोळी भिंतीत घुसते, त्याचं मोठं कारण हेच.

हाच नियम अणुकेंद्राला लावा. युरेनियम-२३८ मधून अल्फा कण बाहेर पडतो आणि मागे थोरियम-२३४ उरतं. एकूण सुटणारी ऊर्जा ४.२७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट. अल्फाचं वस्तुमान ४, थोरियमचं २३४, म्हणून अल्फाचा वाटा ४.२७ × २३४ ÷ २३८, म्हणजे साधारण ४.२०. प्रत्यक्ष मोजणीतही अल्फा कण जास्तीत जास्त तेवढ्याच ऊर्जेनं बाहेर पडतात. ट्रॉलीचं गणित जसंच्या तसं अणूत चालतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्याहून रंजक गोष्ट बीटा क्षयाची, ज्यात अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. दोनच तुकडे होत असतील तर प्रत्येकाची ऊर्जा पक्की ठरलेली असायला हवी. वरच्या गणितात दुसरं उत्तर निघायला जागाच नाही. पण भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकनं १९१४ मध्ये मोजलं तेव्हा इलेक्ट्रॉन शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत कुठल्याही ऊर्जेचे सापडले. ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच अणूत लागू नसावा, असं म्हणायची काही मोठ्या शास्त्रज्ञांची तयारी झाली. पाउलीनं १९३० मध्ये दुसरी वाट काढली: तुकडे दोन नसून तीन आहेत, तिसरा दिसत नाही. तोच न्यूट्रिनो, प्रयोगात १९५६ मध्ये सापडला. तीन तुकडे झाले की वाटणी ठरलेली राहत नाही, हे ध्यानात ठेवा. परीक्षेत तीन तुकड्यांचं गणित आलं आणि माहिती अपुरी वाटली, तर ती खरोखरच अपुरी आहे का ते तपासायची हीच रीत.

चालती वस्तू फुटते तेव्हा

लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा. ३ किलोची वस्तू ४ मी/से वेगानं पूर्वेला चालली आहे. फुटून १ आणि २ किलोचे तुकडे झाले आणि तुकड्यांच्या गतीसाठी २७ ज्यूल ऊर्जा नव्यानं मिळाली. तुकड्यांचे वेग?

सरळ वाटेनं गेलात तर दोन समीकरणं, त्यातलं एक वर्गाचं, आणि अर्धं पान खाडाखोड. त्यापेक्षा वस्तुमान केंद्राबरोबर, म्हणजे सगळ्या वस्तुमानाच्या सरासरी जागेबरोबर, चालायला लागा. म्हणजे स्वतः ४ मी/से वेगानं पूर्वेला निघालो आहोत अशी कल्पना करा. आता तुमच्या दृष्टीनं वस्तू स्थिर आहे आणि स्थिर वस्तूचं गणित आपण वर करून आलो.

या चालत्या चौकटीत दोन्ही तुकड्यांचा संवेग सारखा आणि उलट, म्हणून १ किलोच्या तुकड्याचा वेग २ किलोच्या दुप्पट. मोठ्याचा वेग 'क' धरा, लहानाचा '२क':

½ × १ × (२क)² + ½ × २ × क² = २७
२क² + क² = २७, म्हणून क = ३

लहान तुकडा ६ मी/से, मोठा ३ मी/से, एकमेकांच्या विरुद्ध. दिशा कुठली? ते गणितात सांगितलेलं नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. प्रत्येक वेगात पूर्वेचे ४ मी/से परत मिळवा.

लहान तुकडा पुढे उडाला तर त्याचा वेग ४ + ६ = १०, मोठ्याचा ४ − ३ = १. संवेग १० + २ = १२, आधीही ३ × ४ = १२. गतिज ऊर्जा ५० + १ = ५१, आधी २४, फरक २७. जुळलं.

लहान तुकडा मागे उडाला तर ४ − ६ = −२, म्हणजे पश्चिमेला २; मोठा ४ + ३ = ७. संवेग −२ + १४ = १२. ऊर्जा २ + ४९ = ५१. हेही जुळलं.

लहान तुकडा उत्तरेला, मोठा दक्षिणेला उडाला तर लहानाचे घटक पूर्वेला ४ आणि उत्तरेला ६, मोठ्याचे पूर्वेला ४ आणि दक्षिणेला ३. ऊर्जा ½ × १ × ५२ + ½ × २ × २५ = २६ + २५ = ५१.

दिशा कुठलीही घ्या, बेरीज ५१ च येते. कारण एकूण गतिज ऊर्जेचे दोन भाग पडतात: वस्तुमान केंद्राची ऊर्जा (इथे २४), जिला स्फोट हातसुद्धा लावू शकत नाही, आणि केंद्राभोवतीच्या हालचालीची ऊर्जा (इथे २७), जी पूर्णपणे स्फोटातून येते. वर्गसमीकरणातून दोन उत्तरं आली की मुलं ऋण उत्तर खोडून टाकतात. इथे तसं करू नका. दोन्ही उत्तरं खरी असतात. कुठलं घ्यायचं ते गणितातलं वाक्य सांगतं, 'हलका तुकडा पुढच्या दिशेने गेला' असं काहीतरी. ते वाक्यच नसेल तर दोन्ही लिहा.

सापेक्ष वेगाचा शब्दप्रयोगही इथेच घात करतो. 'तुकडे एकमेकांपासून ९ मी/से वेगानं दूर गेले' आणि 'तुकडा ९ मी/से वेगानं गेला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वरच्या तिन्ही प्रकारांत एकमेकांपासूनचा वेग ९ च आहे, जमिनीच्या सापेक्ष तो एकाही तुकड्याचा नाही.

दिशा वेगवेगळ्या असतील तर

संवेग सदिश, म्हणजे दिशा असलेला; ऊर्जा अदिश, म्हणजे दिशा नसलेली. संवेगाच्या ओळी दोन लिहायच्या, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण. ऊर्जेची एकच, आणि तिचे घटक पाडायचे नाहीत. 'पूर्वेकडची गतिज ऊर्जा' असं काही नसतं.

८ किलोची स्थिर वस्तू तीन तुकड्यांत फुटली. २ किलोचा तुकडा तुळजापूरच्या बाजूला, म्हणजे आपण ढोबळमानानं उत्तर धरू, १२ मी/से वेगानं गेला. १ किलोचा हैदराबाद रोडच्या बाजूला, पूर्वेला, ७ मी/से वेगानं. उरलेला ५ किलोचा कुठे?

उत्तरेचा संवेग २४, पूर्वेचा ७. तिसऱ्यानं दोन्ही फेडायचे: दक्षिणेला २४, पश्चिमेला ७. एकूण √(५७६ + ४९) = २५, वेग २५ ÷ ५ = ५ मी/से. म्हणजे तो विजापूर रोडच्या दिशेला निघाला, पण मंगळवेढ्याच्या अंगाला सुमारे १६ अंश कललेला. सुटलेली ऊर्जा १४४ + २४.५ + ६२.५ = २३१ ज्यूल. आकृती काढली असती तर दिशा समीकरणाआधीच दिसली असती. तरीही आकृतीवर वेळ घालवायला मुलं तयार नसतात.

गड्ड्याचं दारूकाम

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. पुढच्या वेळी आवाजाकडे कमी आणि आकाराकडे जास्त लक्ष द्या. गोळा फुटल्यावर ठिणग्या सगळ्या दिशांना साधारण सारख्या वेगानं निघतात, म्हणून गोल फूल उमलतं. प्रत्येक ठिणगीला गुरुत्वाकर्षण सारखंच खाली ओढतं, त्यामुळे फुलाचा आकार बिघडत नाही, अख्खं फूल एकसंध खाली येतं. आणि फुलाचा मध्य त्याच वाटेवर चालत राहतो, जिथून न फुटलेला गोळा गेला असता. तिरका सुटलेला गोळा शिखरावर पोचण्याआधी फुटला तर फूल किंचित पुढे सरकताना दिसतं. हवेच्या विरोधामुळे हलक्या ठिणग्या लगेच मंदावतात, म्हणून खरं फूल फार मोठं न होता शेवटी लोंबायला लागतं.

आता गणित. २ किलोचा गोळा वर ३० आणि आडवा १० मी/से अशा वेगानं सुटला. ३ सेकंदांत तो ४५ मीटर उंचीवर, आडवं अंतर ३० मीटर. न फुटता तो ६० मीटरवर पडला असता. शिखरावर त्याचे दोन सारखे तुकडे झाले आणि एक जागीच थबकून सरळ खाली पडला. दुसरा कुठे पडेल?

संवेग: २ × १० = १ × ० + १ × व, म्हणून व = २०. खाली यायला ३ सेकंद, त्यात आडवं ६० मीटर. ३० + ६० = ९० मीटरवर. ऊर्जा: आधी १००, नंतर २००, म्हणजे स्फोटानं १०० ज्यूल घातले.

वस्तुमान केंद्राचा आडाखा वापरला तर एका ओळीत होतं: पहिला ३० वर, सरासरी ६० यायला हवी, म्हणून दुसरा ९० वर. शिकवणीत हा आडाखा जादूसारखा सांगितला जातो आणि त्याची अट सांगायची राहून जाते. अट अशी की दोन्ही तुकडे एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. एक आधी टेकला की जमिनीनं त्याच्यावर बल लावलं, म्हणजे बाहेरचं बल आलं, आणि केंद्राची वाट मोडली.

खरं वाटत नसेल तर तोच गोळा शिखरावर असा फोडा: एक तुकडा ४० मी/से वेगानं सरळ वर ढकलला गेला, दुसरा तेवढ्याच वेगानं खाली, आडवा वेग दोघांचा १० च राहिला. खालचा तुकडा १ सेकंदात जमिनीवर (४० × १ + ५ × १ = ४५), म्हणजे ४० मीटरवर. वरचा ९ सेकंदांनी (४० × ९ − ५ × ८१ = −४५), म्हणजे ३० + ९० = १२० मीटरवर. सरासरी ८०. आडाखा ६० म्हणत होता. प्रवेश परीक्षेच्या सरावात पर्यायी उत्तरांमध्ये असा सापळा ठेवलेला असतो, तेव्हा आधी वेळ तपासा.

उत्तर तपासायची एक कसोटी

नंतरच्या गतिज ऊर्जेतून आधीची वजा करा. स्फोट असेल तर उत्तर धनच हवं. ऋण आलं तर दिशेचं चिन्ह चुकलं आहे, किंवा गणित देणाऱ्याचे आकडे चुकले आहेत, आणि दुसरंही पुष्कळदा असतं. शून्य आलं तर सगळे तुकडे एकाच वेगानं बरोबर चालले आहेत, म्हणजे वस्तू भेगाळली असेल पण फुटली नाही. त्यापेक्षा कमी ऊर्जा शक्यच नाही, कारण केंद्राची ऊर्जा तरी उरायलाच हवी.

'स्फोटात ५०० ज्यूल सुटले' आणि 'तुकड्यांना ५०० ज्यूल गतिज ऊर्जा मिळाली' यांतला फरकही बघा. दारूची रासायनिक ऊर्जा उष्णता, आवाज, प्रकाश, तापलेला वायू आणि कवच फोडण्याचं काम यांतही जाते. गणितात '४० टक्के गतीला' असं म्हटलं असेल तर ऊर्जेच्या ओळीत २०० घालायचे. संवेगाच्या ओळीला या गळतीचं काही नाही; आवाज झाला म्हणून संवेग कमी होत नाही. वायूचं वस्तुमान तुकड्यांच्या मानानं लक्षात घेण्याजोगं असेल तर मात्र वायू हाही एक तुकडा धरावा लागतो. दिवाळीतल्या बाणाचं सगळं गणितच त्या वायूवर उभं आहे.

करून बघायचं असेल तर

फटाके फोडून, उकलून काहीही मोजायला जाऊ नका, त्याची गरजही नाही. चाकं मोकळी फिरणाऱ्या खेळण्यातल्या दोन सारख्या गाड्या, मध्ये छोटी स्प्रिंग, दोघींना धरून ठेवणारा दोरा आणि घासलेली सपाट फरशी एवढं पुरतं. एका गाडीवर नाणी रचून तिचं एकूण वस्तुमान दुसरीच्या तिप्पट करा, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वजनाला चालतो. दोरा कात्रीनं कापा. वेग मोजायची साधनं नसली तरी गाड्या थांबेपर्यंत किती लांब गेल्या ते टेपनं मोजा. चाकांचं घर्षण दोघींत सारख्या प्रमाणात असेल तर थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे जातं. वेग तीनास एक, म्हणून अंतर नवास एकच्या आसपास यायला हवं. आठास एक आलं तरी खुशाल समाधान माना. फोनवर स्लो मोशन असेल तर फरशीच्या चौकटी मोजून वेगही काढता येतो, आणि तीच चित्रफीत ऊर्जेची ओळ तपासायला उपयोगी पडते.

चिमणी

स्फोट म्हटलं की सोलापूरकराला २०२३ च्या जूनमध्ये पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवणारच. वर्गातही तिचा विषय निघतो: "सर, त्याला संवेग अक्षय्यता लावायची का?" नाही. चिमणी काही सेकंद पडत होती, मिलिसेकंदात फुटली नाही. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण आणि बुडाशी जमिनीचा आधार ही दोन्ही बाहेरची बलं भरपूर काम करतात. तिथे ऊर्जेचा नियम चालतो, आणि तोही रासायनिक ऊर्जेपेक्षा स्थितिज ऊर्जेचा.

अंदाजासाठी मनातले आकडे घेऊ: वस्तुमान १००० टन, वस्तुमान केंद्र ३० मीटर उंचीवर. स्थितिज ऊर्जा = १०,००,००० × १० × ३० = ३० कोटी ज्यूल. एक किलो टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा ठरलेल्या मानकाप्रमाणे ४१.८४ लाख ज्यूल. म्हणजे अशा चिमणीत नुसती उभी राहिल्यानं साधारण ७० किलो टीएनटीइतकी ऊर्जा साठलेली असते. सुरुंगाचं काम फक्त बूड तोडायचं. पाडण्याचं काम त्या साठलेल्या ऊर्जेनंच होतं.

सरावाला एक

४ किलोचा दगड ५ मी/से वेगानं पूर्वेला चालला असताना फुटून १ आणि ३ किलोचे तुकडे झाले. तुकड्यांना नव्यानं २४ ज्यूल गतिज ऊर्जा मिळाली. हलका तुकडा सरळ पुढे गेला तर? सरळ मागे गेला तर? तो जमिनीवरून पाहणाऱ्याला बरोबर उत्तरेला जाताना दिसू शकतो का? आणि जड तुकडा कधी पश्चिमेला जाऊ शकतो का?

केंद्राबरोबर चालणाऱ्या चौकटीत हलक्याचा वेग ६ आणि जडाचा २ येतो. पुढे: ११ आणि ३. मागे: हलका पश्चिमेला १, जड पूर्वेला ७. बरोबर उत्तरेला जाऊ शकतो: चौकटीत त्याचा पश्चिमेचा घटक ५ असायला हवा, मग उत्तरेला √(३६ − २५), म्हणजे सुमारे ३.३ मी/से उरतो. जड तुकडा पश्चिमेला कधीच जाणार नाही. त्याला पूर्वेचे ५ मिळालेले आहेत आणि स्फोट त्याला फार तर २ नं मागे ओढू शकतो. पूर्वेच्या रेषेपासून तो जास्तीत जास्त किती अंश कलेल, ते २ आणि ५ या बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून शोधा. ५ हा कर्ण धरायचा. उत्तर साडेतेवीस अंशांच्या जवळ यायला हवं.